दीड तासाची सुई

डॉक्टरीणबाईंनी माझ्या नाकाखाली पहिली बाटली धरली तेव्हा माझं वय चोवीस होतं. तोवर चार डॉक्टर, दोन वैद्य आणि एक अंगारेवाला माझ्यावर हात साफ करून गेले होते. पहिल्या बाटलीत लवंगेचं तेल होतं, दुसरीत कॉफी, तिसरीत हिंग. हे मला नंतर कळलं. तेव्हा तिन्ही बाटल्यांत नुसतं पाणी असावं असंच वाटलं. चौथीत अमोनिया होता. त्यानं नाकात झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणाल तर शून्य. झोंबण्याची नस वेगळी आणि वासाची वेगळी, असं बाई म्हणाल्या.

"वास येत नाही, हे कधीपासून?"

"जलमापासून जी."

"आणि आजवर एकाही डॉक्टरनं विचारलं नाही?"

"कोणीच नाही."

बाईंनी बाटल्यांना बुचं लावली आणि माझ्या कागदावर लिहिलं, हायपोगोनॅडोट्रॉपिक हायपोगोनॅडिझम. हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत आमचा डोंगा अर्धा तलाव कापून जातो. अर्थ मात्र साधा आहे. वयात येण्याचा हुकूम मेंदूतून खाली सुटतच नाही. म्हणून दाढी नाही, मिशी नाही, आवाज फुटलेला नाही, आणि कमरेखालचं सगळं दहा वर्षांच्या पोराएवढं. काही जणांत याच्या जोडीला वासही नसतो, कारण वासाची जागा आणि हुकमाची जागा मेंदूत शेजारी शेजारी असतात आणि पोटात असताना दोन्ही सोबतच घडतात. माझ्यात दोन्ही घडायच्या राहिल्या.

आता माझा संताप ऐका. मला वास येत नाही हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच्यावरच तर मी पोट भरत होतो.

आमचं गाव दिघोरीपासून दोन कोसांवर. आम्ही ढिवर, तलावावर जगणारे. लहानपणापासून कुजलेल्या मासोळ्या निवडायचं काम माझ्याकडं. वाळत घातलेल्या मासोळीवर पाणी पडून घाण सुटली, की बोलवा तुळशीरामला, त्याला कुठं वास येतो. पुढं सरकारी मत्स्यबीज केंद्रात मला रोजंदारी मिळाली तीही याच गुणावर. तिथं टोपल्याच्या टोपल्या मासोळीची डोकी यायची. ती फोडून मेंदूखालची पांढरी गाठ चिमट्यानं अलगद काढायची. तांदळाच्या कणीएवढी असते ती. तिला पिट्युटरी म्हणतात. ती अल्कोहोलच्या बाटलीत ठेवायची, आणि पावसाळ्यात वाटून, पाण्यात कालवून, रोहू-कतल्याला तिची सुई टोचायची. नदीतली मासोळी तलावात अंडी देत नाही, पण ही सुई टोचली की देते. केंद्रातले बाकीचे गडी डोकी फोडताना ओकायचे. मी शेजारी बसून भाकर खायचो.

तर असा मी. सगळ्या पंचक्रोशीला माझं नाक ठाऊक, आणि चारही डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली, नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. नाकाकडं एकाचीही नजर गेली नाही. पहिल्यानं ताकदीचं लाल औषध दिलं. दुसऱ्यानं जंताचं. तिसरा म्हणाला, काहींना उशिरा येते दाढी, घाई कायची आहे. चौथा तर बहाद्दर निघाला. त्यानं मोठ्या भावाला बाहेर बोलावून सांगितलं, "लगन करून द्या याचं. बायको आली का सगळं बरोबर होते." एवढं सांगायला शिकावं लागतं म्हणे सहा वर्षं.

गावकरीही काही कमी नव्हते. आमच्याकडं दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिच्यात दंडार, आमचं गावनाटक, होते. दंडारीत बाईचं सोंग घेणारा गडी शोधावा लागतो, मिशा काढाव्या लागतात, आवाज चोरावा लागतो. माझ्या बाबतीत कष्टच नव्हते. सोळाव्या वर्षापासून चोवीसपर्यंत दर साली मीच राणी, मीच सवत, मीच सासुरवाशीण. पहिली दोन वर्षं मला मौज वाटली. नंतर कळलं, की लोक नाटकाला हसत नाहीत. हेच लोक सकाळी मला पाहून एकमेकांना कोपर मारायचे, आणि मोठे शहाणे म्हणून पारावर बसायचे. त्यांच्यातल्या निम्म्यांना स्वतःची सही येत नव्हती.

चौथ्या डॉक्टरचं ऐकून मोठ्या भावानं दिघोरीची मुलगी ठरवली. तिचं नाव शेवंता. पाहायला गेलो तेव्हा तिनं मला नीट पाहिलं आणि विचारलं, तलावात किती खोल जाता. मी म्हटलं, दोन पुरुष. ती हसली. बस, एवढंच बोलणं. घरी येताना बसमध्ये मी बोटांवर महिने मोजले. लग्न वैशाखात होतं आणि मला माझं शरीर ठाऊक होतं. मुलगी चांगली होती. तिला आणून काय दाखवणार होतो मी?

आणि मग मी जो गाढवपणा केला, तो आमच्या केंद्रातला माणूसच करू शकतो. दर पावसाळ्यात डोळ्यांसमोर दिसत होतं, की मेंदूखालच्या त्या कणीची सुई दिली की थंड पडलेली मासोळी सहा तासांत उसळते. मी म्हटलं, मासोळीले होते तर मले काहून नाही. कतल्याच्या चांगल्या टपोऱ्या गाठी निवडल्या, खलात वाटल्या, पाणी घातलं, गाळलं, आणि भर दुपारी केंद्राच्या मागं बसून स्वतःच्या कुल्ल्यात टोचली. मासोळीची किलोमागची मात्रा माझ्या वजनाशी गुणून काढली होती, हे विशेष. हिशेब एकदम चोख होता.

तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. कुल्ल्यावर नारळाएवढं गळू. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नेलं. गळू फोडलं, वाटीभर पू निघाला, आणि डॉक्टरनं विचारलं कशाची सुई घेतली. मी खरं सांगितलं. माणसानं डॉक्टरला खरं सांगावं असं मी ऐकलं होतं. तो आधी समजला नाही, समजल्यावर टेबल धरून हसला, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावून आणलं, मग तिसऱ्याला. दोन दिवस मी त्या वॉर्डातली मंडई होतो. पालथा पडून सगळं ऐकत होतो. तिसऱ्यानं मात्र हसून झाल्यावर विचारलं, पण ही सुई घेतली कायले, आणि नीट तपासून नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं हार्मोनचं शिकून आलेल्या या बाई होत्या. हार्मोन म्हणजे शरीरात एका ठिकाणी तयार होऊन रक्तातून दुसऱ्या ठिकाणी हुकूम नेणारा पदार्थ. आणि तिथं त्या चार बाटल्या होत्या.

बाई म्हणाल्या, "मेंदूच्या खाली एक गाठ असते, तिला..."

"पिट्युटरी," मी म्हटलं. "ठाऊक आहे जी. हजारो काहाडल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडून सगळं काम विचारून घेतलं, पाऊण तास. आयुष्यात पहिल्यांदा कोणी शिकलेलं माणूस मला शिष्यासारखं ऐकत होतं. गळवाची गोष्ट सांगितली तेव्हाही हसल्या नाहीत. म्हणाल्या, विचार बरोबर होता, दोन ठिकाणी चुकला. एक तर मासोळीची किल्ली माणसाच्या कुलपाला लागत नाही. दुसरं, तुमचा बिघाड बहुतेक पिट्युटरीत नाहीच, तिच्याही एक पायरी वर आहे.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पिट्युटरीच्या वर मेंदूचा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस. तिथून एलएचआरएच नावाचा हार्मोन झिरपतो. तो पिट्युटरीला उठवतो, पिट्युटरी आपले दोन हार्मोन खाली अंडकोशांकडं सोडते, आणि मग माणूस वयात येतो. हा एलएचआरएच म्हणजे पेप्टाइड. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि याच्या माळेत मोजून दहा मणी. आता ही माळ कारखान्यात ओवता येते, त्याच क्रमानं. कोणत्या जिवाचं डोकं फोडावं लागत नाही. मला ते फार आवडलं. माझी अर्धी हयात डोकी फोडण्यात गेली होती.

बाई म्हणाल्या, मुंबईला एका ठिकाणी या बनावट हार्मोनचा उपचार सुरू आहे, थोड्याच रोग्यांवर. पण तुमची पिट्युटरी जिवंत असली तरच ते घेतील. म्हणून आधी एलएचआरएच टेस्ट. शिरेतून सुई द्यायची, आणि आधी एकदा, नंतर ठराविक मिनिटांनी रक्त काढायचं. पिट्युटरी उठली तर रक्तात तिचे हार्मोन वाढलेले दिसतात. शेवटी मी विचारलं, हे दुखणं पोरालेही होते का? बाई खोटं बोलल्या नाहीत. काही घराण्यांत उतरतं, म्हणाल्या, सांगता येत नाही.

टेस्ट सकाळी झाली. पाच वेळा रक्त घेतलं. ते मुंबईला जायचं होतं, आणि पॅक करणाऱ्या माणसानं बर्फाचे चार खडे कागदात गुंडाळून ठेवले. मला राहवलं नाही. हे अर्ध्या वाटेलाही पोचणार नाही, म्हटलं. धानाचा कोंडा मागवला, बर्फ फोडून थर दिले, मासोळीची पेटी भरतो तशी पेटी भरून दिली. एवढा मोठा दवाखाना, आणि बर्फ बांधायची अक्कल नाही.

निकाल येईस्तोवर तीन आठवडे मला वॉर्डातच ठेवलं. मग बाईंच्या वरचे मोठे साहेब निकाल घेऊन फेरीला आले, मागं वीस विद्यार्थी. साहेबांनी न विचारता माझ्या पायजम्याची नाडी सोडली. वीसही जणांनी पाहून घेतलं. मग साहेब कागद वाचून म्हणाले, "रेषा सपाट आहे. ग्रंथी मेलेली आहे. दाढीपुरती इंजेक्शनं लिहून द्या. मुलाबाळांचं विसरा म्हणावं." हे मला सांगितलं नाही. माझ्यावरून, पलीकडच्या पोरांना सांगितलं.

मी पायजमा वर ओढला आणि बोललो. "साहेब, मासोळीच्या मादीले आमी दोन सुया देतो. पयली हलकी, जागं कराची. सहा घंट्यानं दुसरी, कामाची. पयलीनं अंडे सुटत नाही, म्हणून का मादी मेली म्हणाव?"

विद्यार्थी हसले. साहेबांनी पुढच्या खाटेकडं मोहरा वळवला. त्यांच्याबद्दल मला आजही एवढंच वाटतं, की आमच्या केंद्रात त्यांना मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं असतं.

बाई मागं थांबल्या. माझ्या खाटेच्या कडेला बसल्या, वीस खाटांच्या वॉर्डात, सगळ्यांदेखत. "तुम्ही बोललात तेच मी त्यांना सकाळी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. जिला जन्मात कधी हुकूम मिळाला नाही ती ग्रंथी पहिल्या हाकेला उठेलच असं नाही. तिला रोज थोडं थोडं देऊन जागं करावं लागतं, आणि मग पुन्हा टेस्ट. माणसात सहा तास नाही, आठवडा. पण औषधाच्या कुप्या संपल्या होत्या आणि साहेब नव्या मागवणार नव्हते. बाई मुंबईला स्वतः लिहिणार होत्या. महिना लागेल, कदाचित दोन.

वैशाख महिन्यावर आला होता.

मी घरी न जाता दिघोरीला गेलो. कोणाला विचारलं नाही. शेवंताच्या बापाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, कागद दाखवला. म्हटलं, कदाचित बरा होईन, कदाचित नाही होणार, पण लपवून तुमची पोरगी नेणार नाही. म्हातारा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. माझी पोरगी रस्त्यावर पडली का, म्हणाला, आणि मला अंगणाबाहेर काढलं. लग्न मोडलं. आमच्या घरी भाऊ आठ दिवस माझ्याशी शब्द बोलला नाही. त्याचं म्हणणं एकच, की एकदा पोरगी घरात आली असती तर गेली कुठं असती. माझा सख्खा भाऊ हे बोलत होता. त्या दिवशी मला आमच्या जातीतल्या मर्दपणाची खरी किंमत कळली.

पण दिघोरीच्या बसथांब्यावर एक गोष्ट झाली होती, ती मी घरी सांगितली नव्हती. शेवंता घागर घेऊन आली. लोक होते, तरी थेट समोर उभी राहिली.

"तुमाले कोणी सांगाले लावलं?"

"कोणी नाही."

"मंग काहून सांगतलं?"

"तुमी हसल्या होत्या म्हणून."

तिनं घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "किती दिवस लागते त्याले?"

"दोन साल. तरी खात्री नाही."

"दोन साल मी कोणाले हो म्हणत नाही," ती म्हणाली. "मंग पाहू." आणि विहिरीकडं गेली.

दीड महिन्यानं कुप्या आल्या. सात दिवस रोज सुई, आठव्या दिवशी पुन्हा टेस्ट, पुन्हा कोंड्यात पेटी मीच बांधली. या वेळी निकाल आला तेव्हा बाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि बोटानं दाखवलं. शून्याशेजारचा आकडा चढत चढत गेला होता. पिट्युटरी मेली नव्हती. निजली होती. मी तिथंच रडलो. बाईंनी रडू दिलं.

मुंबईच्या लोकांनी मला पंप दिला. वहीएवढा डबा, कमरेला पट्ट्यानं बांधायचा. त्यात औषधाची सिरिंज, तिला बारीक नळी, नळीची सुई पोटाच्या कातडीखाली. दर दीड तासानं मोटार खर्र करायची आणि थेंबभर औषध आत जायचं. दर दीड तासानंच का, तर निरोगी मेंदू साधारण तसाच हुकूम सोडतो, थेंब थेंब थांबून थांबून. हाच हार्मोन अखंड देत राहिलं तर उलटं होतं, पिट्युटरी बहिरी होते आणि काम सोडते. आई दिवसभर ओरडत राहिली की पोरं कान देत नाहीत, तसं. मी मासोळीच्या हिशेबानं कितीही टोचून घेतलं असतं तरी काही होणार नव्हतं.

डब्याला पाणी चालत नव्हतं. म्हणजे ढिवराच्या पोरानं दोन वर्षं तलावात उतरायचं नाही. सुई दोन दिवसांनी बदलायची, पोटावर गाठी यायच्या, औषध केंद्राच्या बर्फपेटीत ठेवायचं. गावानं आपली अक्कल लगेच दाखवली. कोणी म्हणालं पोटाला रेडिओ लावला, कोणी म्हणालं सरकारनं नसबंदी केली. पारावरचा एक जण रोज विचारायचा, बातम्या लागल्या का. मी उत्तर द्यायचं सोडलं. काठावर बसून जाळी विणत राहिलो.

चौथ्या महिन्यात ओठांवर लव आली. आठव्या महिन्यात, मासोळीच्या लिलावात बोली सांगताना, माझा आवाज मध्येच फाटला. पिपाणीतून ढोल निघावा तसा. सगळ्या काठानं माना वळवल्या. पारावरचा तो माणूस पुढंच उभा होता. मी त्याच्याकडं पाहून तीच बोली पुन्हा सांगितली, मुद्दाम मोठ्यानं. त्या साली दंडारीला राणी मिळाली नाही.

दोन सालाला दोन महिने कमी असताना बाईंनी सूक्ष्मदर्शकात पाहून सांगितलं, बीज आहे, थोडं आहे पण हलतं आहे. मी त्याच बसनं दिघोरीला गेलो. म्हातारा अंगणातच होता. त्यानं आत पाहून पोरीला हाक मारली.

लग्नानंतरही पंप वर्षभर होता. मुलगी झाली. मग पंप काढला, आणि दाढी टिकावी म्हणून महिन्याची साधी इंजेक्शनं सुरू झाली. ती अजून चालू आहेत.

हे सगळं कायले लिहिलं? तुमच्या घरात सतरा-अठराचा मुलगा असेल, आवाज फुटला नसेल, तर त्याला दंडारीत नाचवू नका आणि लग्नाची घाई करू नका. त्याच्या नाकाशी हिंगाची डबी धरा. वास आला तरी हार्मोनवाल्या डॉक्टरकडं न्या, नाही आला तर उद्याच न्या. डॉक्टर हसला तर दुसरा पाहा. माझ्या आयुष्यात हसणारे ढीगभर झाले आणि न हसता विचारणारी एकच बाई झाली. तिचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. बाकीच्यांचं माझ्यावर काही नाही.

मुलगी पाच महिन्यांची असतानाची गोष्ट. पोरालेही होते का, हा माझा प्रश्न मी कधी कोणाजवळ पुन्हा काढला नव्हता, शेवंताजवळही नाही. त्या दिवशी केंद्रातून आलो, हात धुतले नव्हते, दुपारभर डोकी फोडली होती. शेवंता ओरडली, आधी हात धुवा. मी न ऐकता पाळण्यापाशी गेलो आणि बोटं पोरीच्या नाकापुढं धरली. धरली आणि वाट पाहिली.

पोरीनं कपाळाला आठ्या घातल्या, तोंड फिरवलं, आणि घर डोक्यावर घेतलं.

शेवंता धावत आली. "वास येते तिले," माझ्याकडं रागानं पाहत म्हणाली, "कायले करता असं?"

मी पुन्हा बोटं पुढं केली. पोरगी पुन्हा रडली.